दाखवले एक स्पीकर, दिले दुसरेच: गिटार कॅबच्या नादात माझे 50,250 रुपये गेले

आधी आकडे सांगतो, म्हणजे हजार-पाचशेसाठी गळा काढतोय असं कुणाला वाटायला नको. कॅब म्हणजे गिटारच्या अँपला जोडायची स्पीकरची पेटी, तिचे 40,000. टेम्पोचे 850. त्या कॅबपायी अँप बसला, त्याच्या दुरुस्तीचे 9,400. एकूण 50,250 रुपये. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार घरच्यांना न देता, गिग करून साठवलेले.

क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, आर्मीत आहे म्हणून भेटता येत नाही, हे सगळे प्रकार आता शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. मी त्यातल्या कशात सापडलो नाही. मी माणसाच्या घरी गेलो, वस्तू वाजवून बघितली, आतून उघडून बघितली आणि मगच पैसे दिले. तरी फसलो. म्हणून लिहितोय.

पुण्यात चौदा वर्षं लाइव्ह वाजवतोय. अँप माझा 50 वॉटचा, ट्यूबवाला. कॅब मात्र कायम उसनी, नाहीतर जिथे गिग तिथली. फोर बाय ट्वेल्व्हचा, म्हणजे चार बाराइंची स्पीकरवाल्या कॅबचा, विचार केलाच नाही. पस्तीस-चाळीस किलोचं धूड, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला. आणि बाणेर काय, कोरेगाव पार्क काय, आम्ही वाजवतो तिथे ड्रम्स मांडून झाले की स्टेज संपतं. एकच बाराइंची घेतला तर तो ड्रमरसमोर टिकत नाही. म्हणून टू बाय ट्वेल्व्ह, म्हणजे दोन बाराइंची स्पीकरची, क्लोज्ड बॅक (मागून बंद), प्लायवूडची (एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची, पावसाळ्यात ओली झाली की कोपऱ्यातून फुगते, ती घेऊच नका). स्पीकरमध्ये ग्रीनबॅक या मॉडेलचा आवाज मला जास्त आवडतो, पण तो 25 वॉटचा. दोन मिळून 50, आणि माझा अँप पूर्ण उघडला की हातात काही उरत नाही. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज 30 एकेक 60 वॉटचा, सेन्सिटिव्हिटी 100 डीबी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये मोठा वाजतो, आणि वरचे मिड्स (मधल्या पट्टीतले वरचे सूर) पुढे येतात. माइक लावला नाही तरी बँडमधून गिटार ऐकू येते. दोन महिने डोक्यात हेच चाललं होतं. तेवढ्यात ही कॅब दिसली.

पोरगा तिशीच्या आतला. नदीपलीकडे भाड्याचा फ्लॅट. नोकरीसाठी बंगळूरला चाललोय म्हणाला. मागितले 48,000, तुटलं 42,500 वर. मी न सांगता त्यानेच स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मागचं पॅनल उघडलं. आत खरेच व्हिंटेज 30. दोन्ही 16 ओहमचे, पॅरललमध्ये जोडलेले, म्हणजे कॅब 8 ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; कॅबचा आकडा अँपच्या आउटपुटवरच्या आकड्याशी जुळावा लागतो). मी मल्टीमीटर लावला, 6.6 ओहम दाखवलं. बरोबर आहे, मीटर रेझिस्टन्स मोजतो, तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमीच येतो. एका स्पीकरच्या फ्रेमवर टर्मिनलजवळ पांढऱ्या मार्करची आडवी रेघ होती. मी फोटो काढले. माझा अँप लावून अर्धा तास वाजवली. कॅब परत कोपऱ्यात ठेवताना आम्ही दोघांनी मिळून उचलली आणि दोघांनाही दम लागला. हे लक्षात ठेवा.

"दादा, शनिवारी शेवटचा गिग आहे, तेवढा करतो. रविवारी मी स्वतः घरी आणून देतो." मी 10,000 यूपीआयने दिले.

जिथे कळायला हवं होतं तो रविवार आता रोज आठवतो. पाऊस लागला होता. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी दार उघडलं तर हा कॅब घेऊन उभा. एकटा. तीन जिने चढून. एका हाताने वरचं हँडल धरलेलं, दुसरा हात खाली, आणि बोलताना श्वाससुद्धा फुललेला नाही. आठवड्यापूर्वी हीच कॅब उचलताना आम्ही दोघं वाकलो होतो! मी बोललोही, "अरे, एकट्याने आणलीस?" तर म्हणाला, "जिमचा काय उपयोग मग, दादा." आणि मी हसलो. ते हसणं मला अजून झोपू देत नाही.

मागचे स्क्रूही दिसले होते. काळ्या स्क्रूंच्या डोक्यांवरचा रंग ताजा उडालेला, आतलं लोखंड चमकत होतं. त्याने माझ्यासमोरच उघडलं होतं, त्यामुळे ते आठवड्यापूर्वीचेच ओरखडे असणार असं मी मनाशी जुळवून टाकलं. मीटर समोरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. केबल कॅबच्या जॅकमध्ये घालायची, दुसऱ्या टोकाला मीटरच्या दोन पिना लावायच्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

वर म्हणाला, "उरलेले कॅश दिलेत तर 2,500 सोडतो, जाण्याआधी घरमालकाचा हिशोब मिटवायचाय." बायकोने 30,000 मोजून दिले. टेम्पोचे 850 पण मीच दिले. कॅश देऊ नका. कितीही सोडत असला तरी देऊ नका.

मी मूर्ख नाही. माझ्या जागी कुणीही असता तर एकदा तपासलेली वस्तू दुसऱ्यांदा उघडली नसती. याच भरवशावर तो जगतो. आणि घरी हळू आवाजात वाजवताना कॅब थोडी बसकी वाटली तर आवाज कमी आहे म्हणून, असंच आपण म्हणतो.

शुक्रवारी बाणेरला गिग. साउंडचेकलाच आवाज पत्र्यासारखा, मी खोलीला दोष दिला. चौथ्या गाण्यात जळका वास आला आणि अँप बंद पडला. उरलेला सेट मी थेट मिक्सरमध्ये पेडल लावून काढला, लोकांसमोर, तोंड लपवायची सोय नाही. दुरुस्तीवाल्याने अँप उघडला. फ्यूज उडालेला, दोन्ही ईएल 34, म्हणजे अँपच्या आउटपुटच्या ट्यूब, गेलेल्या. त्याचा पहिला प्रश्न, "लोड काय लावला होतास?" मी म्हटलं 8 ओहम. त्याने कॅबला मीटर लावला. 1.7.

पॅनल उघडलं. आत बशीएवढ्या मॅग्नेटचे दोन काळे वूफर, चार-चार ओहमचे, पॅरललमध्ये. म्हणजे 8 च्या आउटपुटला मी 2 ओहमचा लोड देऊन पूर्ण आवाजात वाजवत होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराला दाखवले. हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, गाडीत बसवायचे आहेत, गिटारचे नाहीत. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवले तर दोन मिळून 3 किलो 900 ग्रॅम. एक व्हिंटेज 30 एकटाच 4.7 किलोचा असतो.

फोन अर्थातच बंद. फ्लॅट रिकामा. घरमालक म्हणाला, त्याचा माझा काही हिशोब बाकी नव्हता.

आता चौकीची कथा. पहिल्या दिवशी दीड तास बाकावर. मग प्रश्न आला, "स्पीकर वाजतात का?" म्हटलं, आवाज येतो. "मग फसवणूक कुठे झाली? जुनी वस्तू आहे, बघून घ्यायची." फोटो दाखवले. म्हणे फोटोवरून काय कळतं, सगळे स्पीकर गोलच असतात. दुसऱ्या दिवशी, "ही सिव्हिल बाब आहे, वकील गाठा." तिसऱ्या खेपेला, "तो राहतो ती हद्द आमची नाही." त्या हद्दीत गेलो तर तिथले म्हणाले, वस्तू आणि पैसे तुमच्या घरी दिले-घेतले, तिकडेच जा. नदीच्या अल्याड-पल्याड चार चकरा मारल्या, चार अर्ध्या रजा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. 1 जुलै 2024 पासून हा कायदा आहे. मी त्याची प्रिंट नेली होती. साहेबांनी ती वाचली नाही, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. उलट मलाच विचारलं, "एवढे शिकलेले दिसता, मग कॅश कशाला दिलीत?" 30,000 चा पुरावा नाही म्हणून माझी तक्रार त्यांच्या लेखी 10,000 ची झाली.

बँकेत गेलो. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, आम्ही काही करू शकत नाही. एवढं एक वाक्य ऐकायला टोकन घेऊन पाऊण तास. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासात फोन करा. मी कॅब घरी आल्यापासून सहाव्या दिवशी केला, कारण सहाव्या दिवसापर्यंत मला कळलंच नव्हतं. आता हातात एक तक्रार क्रमांक आहे.

अॅडव्हान्स देताना पॅनलच्या दोन स्क्रूंवर नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडा आणि फोटो काढा. ताब्यात घेताना थेंब मोडलेला दिसला तर पैसे खिशातच ठेवा. विकणारा चिडला तर चिडू दे. आणि वजनकाटा न्या, सामान मोजायचा हुकवाला दोन-तीनशेला मिळतो.

चौकीत घेत नसतील तर कलम 173 मध्येच सोय आहे, माहिती लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे पाठवायची. सोमवारी मी स्पीड पोस्ट केलं. त्यात माझे फोटो आहेत, मीटरचा आकडा आहे, अँपचं बिल आहे आणि एका जाहिरातीची प्रिंट आहे. मागच्या आठवड्यात वेगळ्याच नावाने सुट्टे व्हिंटेज 30 विकायला आलेत, 16 ओहमची जोडी, 24,000 रुपये, पुण्यातच. दुसऱ्या फोटोत डावीकडच्या स्पीकरला टर्मिनलजवळ पांढरी आडवी रेघ आहे. ही जोडी कुणाला दाखवली जात असेल तर पैसे देऊ नका, पत्ता घ्या आणि मला कळवा.