पाच एचपीचा सौर पंप: औशाच्या शिवारातून

'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेत किमतीचा १० टक्के हिस्सा भरून पंप बसवला. आता रात्रीच्या विजेसाठी हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जावं लागत नाही. सकाळी नऊलाच हरभऱ्याला पाणी सुरू. यापेक्षा मोठं सुख नाही!

मात्र आभाळ आलं की धार करंगळीएवढी होते. प्लेटांवरची धूळ पुसावीच लागते. पंप चालवणारा कंट्रोलर बिघडला तेव्हा पुरवठादाराचा माणूस तीन आठवड्यांनी आला. फुलोऱ्यातला हरभरा वाळला.

सुमारे दीड तासात पृथ्वीवर पडणारं ऊन जगाच्या वर्षभराच्या ऊर्जावापराइतकं असतं. उन्हाची टंचाई नाहीच, अडतं ते साठवणीपाशी. मी दुपारी बांधावरचा हौद भरून ठेवतो, आभाळाच्या दिवशी उतारानं सोडतो. पंप घ्याच, पण हौद आधी बांधा.