भाजल्यावरची ड्रेसिंग्ज : मलम, जाळी, कोलॅजन आणि चांदीचा फोम, काही महिन्यांनंतर

भाजलेल्या जखमेसाठी कुणी ड्रेसिंग सुचवलं की माझा पहिला प्रश्न असतो, "हे काढायचं कधी?" उत्तर "रोज" असेल तर ते कितीही स्वस्त असू दे, माझी नापसंती. हे मत चार प्रकार अंगावर वापरून झालेलं आहे.

कुकरचं झाकण उडालं आणि उकळतं वरण उजव्या हातावर, मांडीवर आणि पावलावर आलं. सासूबाईंनी तशीच बाथरूममध्ये नेऊन नळाखाली बसवलं आणि टूथपेस्ट घेऊन आलेल्या शेजारणीला दारातूनच परत पाठवलं. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, हाच खरा प्रथमोपचार, आणि पहिल्या तीन तासांत केला तरी त्याचा उपयोग होतो. फोड आले, साल निघाली, खाली गुलाबी ओलसर कातडी. बोटाने दाबलं की पांढरी पडायची, सोडलं की परत गुलाबी. ही वरवरची, अर्धवट जाडीची भाजणूक, म्हणजे कातडीच्या सगळ्या जाडीत न उतरलेली. मांडीवर मात्र मधोमध एक पांढुरका पट्टा होता आणि तिथे दुखतही कमी होतं. दुखत नाही म्हणून मला बरं वाटलं, डॉक्टरांना नाही. कमी दुखणं म्हणजे जखम खोल.

सुरुवातीला सगळीकडे सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे ते पांढरं 1 टक्क्याचं मलम. 1968 मध्ये आलं, पुढे जगभर वापरात गेलं आणि आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. लावल्यावर थंड वाटतं, ते खरं सुख. पण दुसऱ्या दिवशी त्याचा पिवळट-करडा चिकट थर झालेला असतो, अगदी पू झाल्यासारखा दिसणारा. तो धुऊन, पुसून काढायचा आणि मग नवं मलम. हे पुसणं म्हणजे रोजची शिक्षा. दवाखान्यात निघायच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी घ्यायची, तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसायचे. त्या पुसण्यात कडेने येणारी कोवळी कातडीही थोडी निघते आणि थराखाली जखम किती खोल आहे ते सर्जनलाही नीट दिसत नाही. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) हेच आहे : सिलिकॉनच्या किंवा चांदीयुक्त ड्रेसिंगच्या तुलनेत या मलमाने जखमा भरायला उशीर लागतो. (सल्फाची ॲलर्जी असेल, दिवस भरत आलेले असतील किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर हे मलम नकोच.) जंतुसंसर्ग झालेल्या जखमेत त्याला जागा असेल, ते डॉक्टर ठरवतील. पण स्वच्छ, वरवरच्या भाजण्याला सवयीने ते लिहून देणं आता थांबायला हवं.

हात आणि पाऊल भाजलं की प्लास्टिक सर्जनला दाखवावं, म्हणून गेलो. तिथे तीन जागांना तीन वेगळी ड्रेसिंग्ज मिळाली.

हाताला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची पॅराफिन जाळी. बॅक्टिग्रास नावाने मिळते ती. तेलकट जाळी, वर गॉझ, वर बँडेज. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळता येतं, त्यामुळे बोटं हलवता येतात आणि ती आखडत नाहीत. हा तिचा सगळ्यात मोठा गुण, बाकी कशात तो नव्हता. एक दिवसाआड बदलायची. राहिली तर सुकते आणि चिकटते, मग सलाईनने भिजवून सावकाश सोडवायची. ओढायची नाही. किमतीच्या मानाने उत्तम.

मांडीला कोलॅजनची, म्हणजे कातडीत असणाऱ्या प्रथिनाची शीट. ओली असताना जखमेवर पसरवतात, थोड्या वेळात सुकून कातडीला घट्ट बसते. झाकल्याबरोबर आग थांबली, याचं आश्चर्य मला अजून आहे. कडेकडेने जखम भरली की ती तिथे आपोआप सुटते, सुटलेला भाग कात्रीने कापत जायचं, बाकी हात लावायचा नाही. मधल्या खोल पट्ट्यावर मात्र ती टिकली नाही. खाली पाणी साचलं, वास आला, तेवढा भाग काढावा लागला. जखम ताजी आणि स्वच्छ असेल तरच कोलॅजन. बऱ्याचशा शीट गाईगुरांच्या कोलॅजनपासून बनतात, ज्यांना त्याचं सोयरसुतक आहे त्यांनी आधी विचारून घ्यावं.

पावलाला सिलिकॉनचा चांदीयुक्त फोम. पाणी शोषतो, कोरड्या कातडीला हलका चिकटतो, ओल्या जखमेला चिकटत नाही, आणि जखम ठीक असेल तर आठवडाभर राहू शकतो. पहिल्यांदा काढताना मी दात आवळून बसले होते आणि सिस्टर म्हणाल्या, "निघालं की!" किंमत ऐकून यजमान गप्प झाले होते. पण मलमाच्या रोजच्या फेऱ्या, रिक्षा, ड्रेसिंगचे पैसे आणि माझ्या रजा मांडल्यावर फोम काही फार महाग पडला नाही. तक्रारी आहेत : चालताना सरकतो, चप्पल बसत नाही, आणि काढल्यावर कातडीवर करडा डाग दिसतो. तो धुऊन जातो.

मधाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. सोलापूरचे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांवर मध आणि तेच सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना छापली, त्यात मध सरस ठरला. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली (1985), आणि 2003 मध्ये केळीच्या पानांचीही यशस्वी चाचणी मुंबईतूनच छापून आली. साल काय, पान काय, ओलावा राखतं आणि जखमेला चिकटत नाही. पण ती सगळी निर्जंतुक करून, डॉक्टरांच्या देखरेखीत. स्वयंपाकघरातला मध आणि मागच्या अंगणातलं पान लावायला हे प्रमाणपत्र नव्हे.

आता परिणाम. पावलाचा रंग जवळपास मूळचा. हातावर अजून काळसर छटा आहे. मांडीच्या मधल्या पट्ट्यावर जाड, लालसर वण. यावरून फोम पहिला आणि कोलॅजन शेवटचं असा नंबर लावू नका, कारण मांडीची जखम मुळातच खोल होती. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेला वण येण्याची शक्यता जास्त, वर काहीही लावा. कातडी बसवायची का, याचीही चर्चा झाली होती. पट्टा अरुंद होता म्हणून टळलं.

त्या वणावर आता सिलिकॉन जेलची शीट आणि दाबाची पट्टी, जवळजवळ दिवसभर. खाज रात्री जास्त. खोबरेल तेलाने मालीश करते, पण शीट लावायच्या आधी ते पूर्ण धुवावं लागतं, नाहीतर ती चिकटतच नाही. उन्हाळ्यात शीटखाली घामोळं येतं, तेव्हा काही तास काढून ठेवायची, साबणाने धुऊन वाळवायची, पुन्हा तीच लावायची. एक शीट अशी बरेच आठवडे चालते.