नोबेल मोठं की ब्रेकथ्रू?

खगोलशास्त्राचं वेगळं नोबेल नाही. मान मिळतो तो भौतिकशास्त्राच्या खात्यातून, आणि तोही जास्तीत जास्त तिघांना. ही तिघांची अट आता जाचक वाटते. २०१५ साली गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे सूक्ष्म तरंग) पकडल्या त्या ‘लायगो’ प्रकल्पातल्या हजारभर लोकांनी. २०१७चं नोबेल मात्र वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांनाच. या प्रकल्पाचे एक जनक रोनाल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले, आणि मरणोत्तर नोबेल देत नाहीत.

ब्रेकथ्रू हा विज्ञानातल्या संशोधनासाठीचा, भरघोस रकमेचा नवा पुरस्कार. त्याने या शोधासाठी २०१६ मध्येच ३० लाख डॉलर दिले होते. त्यातले १० लाख ड्रेव्हर, थॉर्न, वाइस यांना आणि उरलेले २० लाख १,०१२ जणांना समान वाटून. माणशी जेमतेम दोन हजार डॉलर, पण यादीत नाव आलं!

जोसेलिन बेल यांचंही तेच. १९६७ मध्ये रेडिओ दुर्बिणीच्या आलेखपट्टीवरची पल्सारची (ठरावीक लयीत रेडिओस्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याची) खूण त्यांच्या नजरेने टिपली; १९७४चं नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक ह्युइश आणि गटाचे प्रमुख राइल यांना. ब्रेकथ्रूने २०१८ मध्ये ३० लाख डॉलर देऊन ती चूक सावरली. बाईंनी सगळी रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकली.

दबदबा अर्थात नोबेलचाच. १९०१ पासूनची पुण्याई २०१२ साली जन्मलेल्या पुरस्काराला पैशाने विकत घेता येत नाही. पण न्यायाच्या बाबतीत माझं मत ब्रेकथ्रूला.