एडीएक्स, एटीआर आणि इंडिया व्हिक्स: खरीप ते रब्बी वापरल्यानंतरचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. शेअर बाजारातले माझे सौदे काही दिवस ते काही आठवडे चालतात. निफ्टीबीज (50 मोठ्या कंपन्यांच्या निफ्टी निर्देशांकामागे चालणारा फंड) आणि माहितीतले मोजके मोठे शेअर, सगळं डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे भरून. 2025 च्या पावसाळ्यापासून मी डेली चार्टवर एडीएक्स (चालीचा जोर), एटीआर (रोजची सरासरी हालचाल) आणि भावाची 200 दिवसांची सरासरी लावून ठेवली आहे, शेजारी इंडिया व्हिक्स (बाजार किती हलेल याचा अंदाज). फुकटच्या चार्टवर हे सगळं मिळतं. सविस्तर लिहितोय, कारण या साधनांकडून लोक भलतीच अपेक्षा ठेवतात.

"भाऊ, मार्केट वर जाईन का खाली?" दुकानात येणारी पोरं हाच प्रश्न घेऊन येतात. एडीएक्स त्याचं उत्तर देत नाही. वेल्स वाइल्डर यांनी 1978 साली मांडलेला हा आकडा फक्त चालीचा जोर मोजतो. बाजार जोरात पडत असला तरी एडीएक्स चढतो, आणि नवी पोरं त्यालाच तेजी समजतात. दिशा बघायची तर सोबतच्या दोन डीआय रेषा (एक वरच्या चालीची, एक खालच्या) बघाव्या लागतात. ढोबळमानाने 20 च्या खाली असला तर भाव एका पट्ट्यात घुटमळतोय, 25 च्या वर जाऊन चढत असला तर चाल धरली आहे. पेरणीआधी ढेकूळ हातात घेऊन वापसा बघतो, तसा सौद्याआधी मी हा आकडा बघतो. पट्टा असेल तर खालच्या काठाशी घ्यायचं आणि वरच्या काठाशी मोकळं व्हायचं. चाल असेल तर विकायची घाई करायची नाही, मागचा तळ तुटेपर्यंत थांबायचं. पट्ट्यातली पद्धत चालीत वापरली की हातातला चांगला शेअर लवकर सुटतो. उलट केलं तर काठावरून परत-परत मार बसतो.

2025 चा पावसाळा याच्यासाठी चांगली परीक्षा ठरला. जूनच्या शेवटी निफ्टी 25,600 च्या वर होता, ऑगस्टमध्ये 24,400 च्या खाली आला, सप्टेंबरात पुन्हा उसळला आणि महिना संपता-संपता परत घसरला. अशा काळात "ब्रेकआउट आला", म्हणजे भाव पट्टा तोडून बाहेर पडला, म्हणून धावणाऱ्यांची दमछाक होते. ऑक्टोबरात खरी चाल सुरू झाली तेव्हा एडीएक्सने खूण उशिरा दिली, पहिला टप्पा हातातून गेलाच. हा उशीर त्याच्या घडणीतच आहे, कारण तो मागच्या 14 दिवसांच्या चालीची सरासरी घेऊन बनतो. मला तो चालतो. वळणाचा नेमका दिवस पकडायचा असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एटीआरचा, आणि त्याबद्दलच लोक सगळ्यात कमी बोलतात. शेअर रोज सरासरी किती रुपये हलतो, ते हा सांगतो. समजा एका सौद्यात जास्तीत जास्त 1,000 रुपये घालवायची तयारी आहे. शेअर 400 चा, एटीआर 8 रुपये. स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) दोन एटीआर, म्हणजे 16 रुपये खाली ठेवला तर 62 शेअर घेता येतात. तोच शेअर अस्वस्थ होऊन एटीआर 16 वर गेला की स्टॉप 32 रुपयांवर जातो आणि शेअर येतात फक्त 31. बाजार का बदलला याचं कारण कळायच्या आधीच माझा सौदा निम्मा झालेला असतो. माझ्या मते बाजाराचं बदललेलं वागणं ओळखण्याचा खरा फायदा हाच. दिशा चुकली तरी चालते, माल किती उचलला यावर सगळं ठरतं.

व्हिक्सबद्दल मात्र सावध करतो. निफ्टीच्या ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काच्या) भावांवरून पुढच्या 30 दिवसांत बाजार किती हलेल याचा वार्षिक दराने काढलेला हा अंदाज. त्याला 16 ने भागलं की दिवसाची साधारण हालचाल टक्क्यांत मिळते: व्हिक्स 16 तर एक टक्का, 24 तर दीड. लोकसभा निवडणुकीच्या वेळी त्याने काम चोख केलं होतं. एप्रिल 2024 च्या शेवटी 10-11 च्या आसपास असलेला व्हिक्स मे संपायच्या आत 20 च्या वर गेला, आणि 4 जूनला निफ्टी एका दिवसात सुमारे 6 टक्के पडला. पण त्यानंतरचे चार्ट काढून बघा. 27 सप्टेंबर 2024 ला 26,277 चा उच्चांक करून निफ्टी फेब्रुवारी 2025 च्या शेवटापर्यंत जवळपास 16 टक्के उतरला, आणि त्या काळात व्हिक्स बहुतेक वेळ 13 ते 17 मध्ये शांत बसून होता. हळूहळू झिरपणारी मंदी त्याला दिसत नाही. ती 200 दिवसांच्या सरासरीने दाखवली, निफ्टी नोव्हेंबरातच तिच्या खाली गेला होता. म्हणून एकटा व्हिक्स बघून निर्धास्त राहू नका.

आणि यातलं काहीच गॅपपुढे, म्हणजे बाजार एकदम खाली उघडला तर, टिकत नाही. 7 एप्रिल 2025 ला निफ्टी हजाराहून जास्त अंकांनी खाली उघडला. अशा सकाळी स्टॉपलॉस लावलेल्या भावाला लागत नाही, बाजार जिथे उघडेल तिथला भाव पदरात पडतो. सौदा आधीच लहान असेल तरच निभावतं.

"ट्रेंड बदलला" अशा सूचना पाठवणारी एक सेवा काही महिने पैसे भरून घेतली होती. पट्ट्यातल्या बाजारात एकाच आठवड्यात ती तेजी, मंदी, पुन्हा तेजी असं कळवायची. बंद केली. दिवसा लाइनचा भरवसा नसतो, टॉवरही तिच्यासोबत जातो, त्यामुळे चालू बाजारात बघावं लागणारं काहीही आमच्याकडे कामाचं नाही. रात्री जेवण झाल्यावर डेली चार्ट बघायचा, सकाळी ऑर्डर लावायची आणि दुकान उघडायचं.

ऑप्शन खेळणाऱ्या पोरांना हे दाखवायची माझी फार इच्छा असते. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, असं बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात आहे. त्यात आपल्या गावातली पोरं नको.

शेतकरी गिऱ्हाइकं विचारतात, हे कापसाला, सोयाबीनला चालतं का. सोयाबीनच्या वायद्यांवर सेबीने डिसेंबर 2021 मध्ये बंदी घातली, तेव्हापासून रोजचा नीट चार्टच उरला नाही. यार्डातला भाव ओलाव्यावर आणि आवकेवर ठरतो. कापसाचं तर ऑगस्ट 2025 मध्ये आयात शुल्क माफ झालं, ते कुठल्या एडीएक्सला आधी दिसणार? त्यांना मी हमीभाव, आवक आणि सरकी-ढेपेचा भाव बघायला सांगतो.