एसजी आयर्नची नॉड्युलॅरिटी आणि इमेजजे : छोट्या प्रयोगशाळेसाठी एक परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या अनेक लहान फाउंड्र्यांमध्ये एसजी आयर्नची, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या ओतीव लोखंडाची, नॉड्युलॅरिटी (त्यातले किती ग्रॅफाइट गोल आहे याची टक्केवारी) आजही डोळ्यांनीच ठरवली जाते. पॉलिश केलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून पाहायचा, भिंतीवरच्या तक्त्यातील चित्रांशी ताडायचा आणि अहवालात ‘९० टक्के’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत झटपट आहे आणि मुरलेल्या तपासनिसाच्या हाती ती फारशी चुकतही नाही. अडचण येते ती ८५ टक्क्यांच्या आसपास, कारण पुष्कळ ग्राहकांची अट नेमकी तिथेच असते आणि दोन तपासनिसांचे आकडेही तिथेच फाटतात. लॅडलमध्ये (धातू ओतायच्या भांड्यात) धातू जास्त वेळ थांबला आणि ग्रॅफाइटला गोल आकार देणारे मॅग्नेशियम उतरू लागले, तर शेवटच्या साच्यांमधील कास्टिंगे याच सीमारेषेवर येतात. म्हणजे जिथे आकड्यावर सर्वाधिक भिस्त ठेवायची, तिथेच डोळा सर्वांत कमी भरवशाचा ठरतो. सूक्ष्मदर्शकाबरोबर विकले जाणारे प्रतिमा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर छोट्या प्रयोगशाळेच्या खिशाला परवडत नाही. अशा ठिकाणी इमेजजे हा विनामूल्य पर्याय कितपत चालतो, हे या परीक्षणात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो : ते चालते, उत्तम चालते, मात्र त्यातून बाहेर पडणाऱ्या आकड्याची जबाबदारी ते स्वतःकडे अजिबात घेत नाही.

इमेजजे हे मुळात धातुशास्त्रासाठी लिहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रासबँड यांनी आधी मॅकिन्टॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ हा कार्यक्रम लिहिला आणि पुढे १९९७ मध्ये जावा भाषेत इमेजजे तयार केले. पेशी आणि ऊतींची छायाचित्रे मोजणाऱ्या जीवशास्त्रज्ञांमध्ये ते वाढले. ते सार्वजनिक मालकीचे असल्याने परवाना, डोंगल किंवा वार्षिक वर्गणी यांचा प्रश्नच येत नाही, आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर ते चालते. फिजी नावाने मिळणारा त्याचा विस्तारित संच अनेक सूक्ष्मदर्शकांच्या फाइली थेट उघडतो; परंतु ग्रॅफाइट मोजण्यापुरते मूळ इमेजजे पुरेसे आहे.

खरी परीक्षा सुरू होते ती नमुन्यापासून. सॉफ्टवेअरच्या लेखी काळे ते ग्रॅफाइट. घाईने पॉलिश करताना नॉड्यूल (ग्रॅफाइटचा गोळा) उपटून निघाला आणि तिथे खड्डा राहिला, तर तो खड्डा नॉड्यूल म्हणून मोजला जातो. आकुंचनातून आलेली सूक्ष्म छिद्रे आणि कडेला राहिलेला पॉलिशचा चिखलही ग्रॅफाइटच्याच खात्यात जातो. ग्रॅफाइटची मोजणी नायटल हे आम्लाचे द्रावण लावण्याआधी करायची असते, कारण असे एचिंग केल्यावर धातूतला पर्लाइट हा घटक गडद होतो आणि करड्या छटांमधला फरक पुसला जातो. ही शिस्त कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही. छायाचित्र टिफ स्वरूपात साठवावे हेही त्यातलेच. जेपेगच्या संकोचनात कणांच्या कडा विसकटतात. फाउंड्रीतून व्हॉट्सॲपवर आलेला ‘मायक्रो’, म्हणजे सूक्ष्मदर्शकातले छायाचित्र, तर मोजणीसाठी घेऊच नये, कारण वाटेत चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये घटलेली असते आणि प्रयोगशाळेने ठरवलेले मोजमाप त्याला लागू पडत नाही.

मोजमापाचा विषय निघाला आहे, तर ‘सेट स्केल’ या चौकटीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे काचेवर कोरलेली एक मिलिमीटरची पट्टी. तिचे शंभर भाग असतात आणि प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा असतो. तिचे छायाचित्र घेऊन त्यावर रेघ ओढायची, ती रेघ किती मायक्रॉनची हे सांगायचे, की एका पिक्सेलचा आकार निश्चित होतो. त्याच चौकटीत ‘ग्लोबल’ अशी एक खूण आहे. ती केली की हे मोजमाप त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक चित्राला लागते, मग ते चित्र दुसऱ्या भिंगाखाली घेतलेले का असेना. चित्रात स्वतःचे मोजमाप साठवलेले नसेल, तर कुठलाही इशारा न देता सॉफ्टवेअर चुकीचे मायक्रॉन छापत राहते आणि तक्त्यातील आकडे दिसायला अगदी व्यवस्थित असतात. प्रत्येक भिंगासाठी वेगळे मोजमाप, तेही आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना तपासून, लिहून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. टिफ फाइल इमेजजेमधून साठवली, तर मोजमाप फाइलीतच राहते, ही मात्र फार सोयीची गोष्ट.

यानंतरची पायरी थ्रेशोल्डची, म्हणजे कोणत्या छटेपर्यंतचा पिक्सेल ग्रॅफाइट मानायचा हे ठरवण्याची. हा निर्णय वाटतो त्यापेक्षा महाग पडतो. समजा, एक पिक्सेल अर्ध्या मायक्रॉनचा आहे आणि नॉड्यूलचा व्यास २० मायक्रॉन, म्हणजे ४० पिक्सेल आहे. थ्रेशोल्ड जरा सैल पडला आणि नॉड्यूलभोवती एका पिक्सेलचे कडे वाढले, तर व्यास ४२ पिक्सेल होतो आणि क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी फुगते. १० मायक्रॉनच्या नॉड्यूलमध्ये हीच वाढ २१ टक्क्यांवर जाते. हाताने पट्टी सरकवून थ्रेशोल्ड ठरवणाऱ्या दोघांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून चित्रातल्या छटांवरून सीमा आपोआप ठरवणारी ओत्सूसारखी पद्धत निवडावी आणि सगळ्या नमुन्यांना तीच लावावी, हे बरे. तीही निर्दोष नाही : चित्राचे कोपरे प्रकाश कमी पडल्याने काळवंडलेले असतील, तर तिथला धातूसुद्धा ग्रॅफाइटमध्ये जमा होतो. त्यासाठी आधी पार्श्वभूमी सारखी करून घ्यावी लागते, किंवा त्याहून चांगले म्हणजे सूक्ष्मदर्शकाचा दिवाच नीट मध्यावर आणावा.

आता या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘अ‍ॅनलाइझ पार्टिकल्स’ चालवले की प्रत्येक कणासमोर ‘सर्क्युलॅरिटी’ नावाचा आकडा देता येतो, आणि नवखा माणूस तोच नॉड्युलॅरिटीसाठी उचलतो. नॉड्युलॅरिटी प्रतिमा-विश्लेषणाने मोजण्याच्या एएसटीएम ई२५६७ या मानकातील आकार-गुणक वेगळा आहे. कण कॅलिपरच्या जबड्यांत धरला तर जास्तीत जास्त जेवढा भरेल, तेवढ्या व्यासाचे वर्तुळ कल्पायचे आणि कणाच्या क्षेत्रफळाला त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागायचे. हा भागाकार ०.६० किंवा त्याहून अधिक असलेले कण नॉड्यूल धरायचे, १० मायक्रॉनपेक्षा लहान कण वगळायचे आणि नॉड्यूलांच्या क्षेत्रफळाचे एकूण ग्रॅफाइटच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण टक्क्यांत काढायचे. इमेजजेची सर्क्युलॅरिटी मात्र परिघावरून येते. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेला लंबवर्तुळाकार कण घेतला, तर मानकाच्या गुणकात त्याला ०.५० मिळतात आणि तो नापास होतो. सर्क्युलॅरिटीत त्यालाच सुमारे ०.८४ मिळतात आणि तो आरामात पास होतो. उलट, गोलच पण कडा खडबडीत असलेला नॉड्यूल परिघ वाढल्याने विनाकारण गुण गमावतो. दोन्हींकडे सीमा ०.६० ठेवली आणि गुणक बदलला, तर हातात येणारा आकडा नॉड्युलॅरिटीचा उरतच नाही. सुदैवाने दुरुस्ती सोपी आहे. ‘सेट मेजरमेंट्स’मध्ये क्षेत्रफळ आणि फेरेटचा व्यास (वर सांगितलेला कॅलिपरचा जास्तीत जास्त व्यास) या दोन खुणा कराव्यात आणि भागाकार तक्त्यात आपणच करावा. सूक्ष्मदर्शकासोबत येणारी महागडी सॉफ्टवेअरे कोणते सूत्र वापरतात, हे पडद्यावर दिसत नाही. इथे ते सूत्र आपल्या हाताने लिहावे लागते, आणि मला ही गैरसोय फायद्याचीच वाटते.

‘वॉटरशेड’ या आज्ञेपासून सावध राहावे. एकमेकांना चिकटलेले दोन नॉड्यूल वेगळे करण्यासाठी ती उपयोगी पडते, परंतु वळलेला, मध्ये आवळलेला, म्हणजेच नापास व्हायला हवा असा ग्रॅफाइटही ती त्याच मायेने कापते आणि त्याचे दोन गोल तुकडे करून देते. परिणामी, कास्टिंग जितके वाईट, तितकी वॉटरशेडमुळे वाढलेली नॉड्युलॅरिटी जास्त. ज्या सीमारेषेवरच्या नमुन्यांसाठी आपण हा सगळा खटाटोप करतो, त्यांनाच ती झुकते माप देते. वापरलीच तर वापरल्याची नोंद अहवालात असावी आणि कापलेल्या कणांचे बाह्यरेखाचित्र डोळ्यांखालून घालावे.

एवढे दोष मोजूनही इमेजजेची शिफारस करण्याचे कारण म्हणजे मॅक्रो, म्हणजे पुन्हा चालवता येणारी आज्ञांची यादी. नोंदणीची खिडकी उघडी ठेवून एकदा सगळी कामे हाताने केली, की प्रत्येक पायरी मजकुराच्या ओळीत उतरते : कोणते मोजमाप, कोणता थ्रेशोल्ड, कणाचा किमान आकार किती, काठावरचे कण वगळले की नाही. ही फाइल साठवली आणि पुढच्या हीटच्या (धातूच्या एका वितळणीच्या) चित्रांवर एकगठ्ठा चालवली, तर सकाळच्या पाळीचा आणि रात्रीच्या पाळीचा आकडा एकाच रीतीने निघतो. तक्त्यापाशी उभ्या असलेल्या तपासनिसाला ‘तुम्ही ८५ का म्हणालात’ असे विचारले तर अनुभवाशिवाय दुसरे उत्तर नसते. इथे ते उत्तर पानभर मजकुरात समोर ठेवता येते. नोंद करताना ‘डिस्प्ले लेबल’ची खूण जरूर करावी, नाहीतर निकालाच्या शेकडो ओळींतली कोणती ओळ कोणत्या चित्राची, हे संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

आकडा आला म्हणजे तो खरा ठरला असे नव्हे, आणि आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाची मान्यता असलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या प्रयोगशाळेला आकडा कशावरून खरा, हे लेखापरीक्षक विचारतोच. त्या मानकाचे कलम ७.११ माहिती-व्यवस्थापनाच्या प्रणालीची वैधता वापरण्याआधी तपासायला सांगते. बाजारात सर्रास वापरले जाणारे तयार सॉफ्टवेअर त्याच्या ठरलेल्या मर्यादेत पुरेसे तपासलेले मानण्याची मुभा तिथे आहे. आपण लिहिलेला मॅक्रो त्या मुभेत बसत नाही, तो आपणच तपासायचा. हे काम अवघड नाही. इमेजजेमध्येच ठरावीक व्यासाची वर्तुळे आणि लंबवर्तुळे काढावीत, त्यांवर मॅक्रो चालवावा आणि आलेले क्षेत्रफळ व गुणक कागदावरच्या गणिताशी ताडावेत. ५० पिक्सेल व्यासाच्या वर्तुळाला १,९६३ च्या जवळपास क्षेत्रफळ मिळालेच पाहिजे. थ्रेशोल्ड पाच छटा वर आणि पाच छटा खाली नेऊन नॉड्युलॅरिटी किती हलते तेही पाहावे, कारण अहवालातील अनिश्चिततेचा मोठा वाटा तिथूनच येतो. सॉफ्टवेअरच्या पूर्ण बाहेरची तपासणी हवी असेल, तर त्याच कास्टिंगमधून जाणाऱ्या ध्वनितरंगांचा वेग मोजता येतो : चांगल्या एसजी आयर्नमध्ये तो सेकंदाला सुमारे ५,६०० मीटर असतो, तर ग्रॅफाइट पात्यांच्या रूपात असलेल्या ग्रे आयर्नमध्ये ५,००० च्या खाली राहतो. चित्र ९२ टक्के सांगत असेल आणि वेग घसरलेला असेल, तर आधी चित्रावर संशय घ्यावा.

किती क्षेत्रे पाहायची हाही प्रश्न इथेच येतो. १२८० गुणिले ९६० पिक्सेलचे चित्र अर्ध्या मायक्रॉनच्या हिशेबाने जेमतेम ०.३१ चौरस मिलिमीटर दाखवते. नमुन्यातल्या सर्वांत देखण्या क्षेत्राचे छायाचित्र घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि त्यापुढे कोणताही मॅक्रो हतबल आहे. नमुन्यावर ठरलेल्या अंतराने, न निवडता क्षेत्रे घ्यावीत.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. मागे जाण्याची सोय एकाच पायरीची आहे. पडद्यावरची मांडणी जुनाट आहे आणि मेनूंच्या आत मेनू शोधत बसावे लागते. ग्राहकाला देण्याजोगा अहवाल त्यातून निघत नाही. तो स्प्रेडशीटमध्ये बनवावा लागतो, आणि तिथे आकडा कुणीही बदलू शकतो. मूळ चित्र, मॅक्रो आणि निकालाची फाइल हीट क्रमांकाच्या एकाच फोल्डरमध्ये, फक्त वाचता येतील अशी ठेवण्याची व्यवस्था प्रयोगशाळेने स्वतः उभी करायची आहे.

रोज मोजकेच नमुने तपासणाऱ्या आणि ज्यांच्याकडे पॉलिशचा हात बसलेला एक तरी माणूस आहे अशा फाउंड्रीने, तसेच पदविका आणि पदवी महाविद्यालयांच्या धातुशास्त्र विभागांनी इमेजजे निःशंकपणे घ्यावे. दिवसाकाठी शेकडो नमुने, बारकोड आणि थेट ग्राहकाच्या प्रणालीत जाणारे अहवाल अशी गरज असलेल्यांनी पैसे मोजून तयार व्यवस्था घेणे सोयीचे. पण खरेदीआधी विक्रेत्याला आकार-गुणकाचे सूत्र लेखी मागावे आणि तीच टिफ चित्रे दोन्हीकडे चालवून पाहावीत. आणि अहवालात नॉड्युलॅरिटीच्या आकड्याशेजारी इमेजजेची आवृत्ती, थ्रेशोल्डची पद्धत, किमान कणाचा आकार आणि वॉटरशेड वापरले की नाही, एवढ्या चार गोष्टी छापल्या, तर ग्राहकाच्या प्रयोगशाळेशी आकड्यांवरून होणारा वाद फोनवरच मिटण्याची शक्यता बरीच वाढते.