बारा वर्षं पुरलेली टाचणी गंजत का नाही?

"घरात काहीतरी पुरलंय, त्याशिवाय एवढं होणार नाही." देवऋषीकडं गेलेल्या माणसाचे खरे पैसे या वाक्यानंतर जायला लागतात. त्याआधी जातात ते एक नारळ, दोन लिंबं आणि ताटात ठेवलेले अकरा रुपये. त्यामुळं पहिल्या भेटीत फसल्यासारखं कुणालाच वाटत नाही. उलट बाहेर पडताना माणूस म्हणतो, "बाबानं तर काही मागितलंसुद्धा नाही."

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत चालणाऱ्या या बनावाची पद्धत इथं लिहिली आहे. देव आहे का, भूत आहे का, या वादात न पडताही ती ओळखता येते. रोज अंबाबाईला जाणाऱ्यालाही आणि कधीच न जाणाऱ्यालाही.

सुरुवात बाबापासून नाही, ओळखीच्या माणसापासून होते. धंद्यात खोट आलेली, पोरीचं लग्न ठरत नसलेलं, पोरगं शाळा सोडून कोपरा धरून बसलेलं, दुभती म्हस एकाएकी आटलेली. असं घर हेरणारा दूधसंस्थेत भेटतो, भिशीत भेटतो, दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसतो. "एकदा दाखवून तर बघा," एवढंच म्हणतो. आणलेल्या गिऱ्हाइकामागं त्याला वाटा असतो. पुढं नंबर लावताना नाव, गाव, भावकी, सोबत कोण आलंय, सगळं गप्पांच्या ओघात काढून घेतात. बाहेर तासभर ताटकळत ठेवतात ते गर्दीमुळंच असं नाही. "मला बाबांचा लई गुण आला" म्हणत शेजारी सरकून बसलेली बाई बऱ्याचदा त्यांच्यातलीच असते.

आत गेल्यावर तीन वाक्यं ठरलेली. भावाभावांत बिनसलंय. जमिनीचं एक प्रकरण लोंबकळत पडलंय. देवाचं काहीतरी राहून गेलंय. आता या जिल्ह्यात ही कुणाला लागू होत नाहीत? माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायचे राहिले, सौंदत्तीची यात्रा एखाद्या साली चुकली, कुळाचाराला गावाकडं जायला जमलं नाही, एवढं तर प्रत्येक घरात निघतं. चुकलेला अंदाज माणूस उंबऱ्यावरच विसरतो आणि बरोबर आलेला चार घरी सांगतो. यावर उपाय सोपा आहे. मान हलवायची नाही, "तुम्हीच सांगा" म्हणायचं, आणि नंबर लिहिणाऱ्याजवळ एक धडधडीत खोटी गोष्ट सोडून द्यायची: नसलेला थोरला भाऊ. तो भाऊ आत बाबाच्या तोंडून बाहेर पडला की चपला घालायच्या.

मुख्य काम होतं ते तुमच्या घरी. बाबा येण्याआधी एक चेला 'जागा बघायला' येतो. तुळशीजवळ, परसात, न्हाणीमागं, जिथं माती मऊ आहे तिथं उकिडवा बसतो, पाणी मागतो. घरची बाई तांब्या आणायला आत वळते. तेवढी उसंत पुरते. चेला आधी आला नसेल तर वस्तू झोळीत, बाहीत किंवा ओल्या मातीच्या लगद्यात दडवून बाबाबरोबर येते. मग खणायला सुरुवात. पाण्यानं भरलेली परात मागतात आणि वरची माती मूठमूठ करून परातीत टाकतात. पाणी गढूळ होतं, मुठीतून काय पडलं ते दिसत नाही, आणि शेवटी घरातल्याच एखाद्या पोराला परातीत हात घालायला लावतात. पोराच्या हाताला काळी बाहुली लागते. तिच्यात दाभण, टाचण्या, बिब्बा, काळा दोरा, कधी तांब्याचा ताईत. पोरानं स्वतः काढली म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी?

शंका घ्यायची ती टाचणीवर. "बारा वर्षांपूर्वी पुरलंय" असं सांगतात आणि टाचणी चकाकत असते. कोल्हापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. ओल्या मातीत लोखंडी टाचणी पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होते, पुढं फुगून तिचे पोपडे सुटतात. साधा सुती दोरा आणि कापड ओलाव्यात कुजून काही महिन्यांत बोटांत तुटायला लागतं. तांब्यावर काळपट-हिरवी पुटं चढतात. पिळून वाळत घालता येईल अशी धडधाकट बाहुली बारा वर्षांची नसते, फार तर बारा तासांची असते. म्हणून मिळालेली वस्तू तिथल्या तिथं जाळायला किंवा पंचगंगेत सोडायला देऊ नका. घाई तिच्यासाठीच असते. वस्तू कागदात बांधून ठेवतो म्हणा आणि बाबाचा चेहरा बघा.

नारळाचं काम यापेक्षा नजाकतीचं. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एकच मऊ. शेंडी हळूच वर करून त्या डोळ्यात दाभण घालतात, पाणी काढून घेतात, आत कुंकवाचं पाणी, केस, टाचण्या, बांगडीची काच सरकवतात आणि भोक मेणानं किंवा एम-सीलनं बुजवून शेंडी पुन्हा खाली दाबतात. म्हणूनच "शेंडी काढू नका, नारळ उघडा पडतो" असा दंडक असतो. "नारळ तुम्हीच आणा" असं सांगितलं तरी तो पाच नारळांच्या ढिगात ठेवायला लावतात, अंगावरून उतरवतात आणि मधेच अदलाबदल होते. आपल्या नारळावर घरूनच नखानं खूण करावी. फोडायच्या आधी कानाशी धरून हलवावा आणि तिन्ही डोळे उघडे करून बघावेत. मेण बुजवलेला डोळा बोटाला गुळगुळीत लागतो.

बाकीचे चमत्कार स्वस्तातले आहेत. लिंबू कापल्यावर 'रक्त' येतं कारण सुरीला मिथिल ऑरेंज किंवा जास्वंदीच्या फुलाचा रस लावून वाळवलेला असतो. लिंबाच्या आंबटपणानं तो लाल होतो. तेच लिंबू आपल्या विळीवर कापलं की पांढरंच निघतं. हळदीत भिजवून वाळवलेल्या फडक्यावर चुन्याची निवळी शिंपडली की ते लालभडक होतं, ही झाली बाधा. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं, ही बाधा उतरली. हा खेळ घरच्या हळदीवर आणि पानाच्या चुन्यावर कुणालाही करून बघता येतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पटवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. नारळ आपोआप पेटतो तेव्हा शेंडीत पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि वरून सोडलेलं 'तूप' म्हणजे ग्लिसरीन. पेट घ्यायला थोडा वेळ लागतो, गारठ्यात जास्तच, म्हणून थंडीत मंत्र लांबतो. शेंडीचा चिमूटभर भाग आधीच पाण्यात टाकला तर पाणी जांभळं होतं. हा प्रयोग मात्र घरी करू नका, आग खरीच लागते.

वस्तू सापडली की पुढचं वाक्य येतं: "करणारं लांबचं नाही." नाव घेत नाहीत. "बाई आहे, उंबऱ्याला उंबरा आहे, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय." घरातले सगळे मनातल्या मनात एकाच जावेकडं किंवा नणंदेकडं बघतात. या एका वाक्यानं बाबाचं मोठं काम होतं. ज्या माणसांनी "अरे, हा काय प्रकार चाललाय?" असं विचारलं असतं, त्यांनाच आता काही सांगायचं नसतं. वर एकवीस दिवस मौन आणि "मधेच सोडलं तर दुप्पट उलटेल" ही धमकी. रक्कम वाढते ती या एकवीस दिवसांत. आधी साहित्याचे पैसे, मग अमावस्येचं बंधन, मग काळ्या कोंबड्याऐवजी बोकड, मग "माझ्यावरच उलटलं, मला हॉस्पिटलचा खर्च आलाय." या शेवटच्या पायरीवर लोक बाबाची कीव करून पैसे देतात, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण देतात.

दागिन्यांचा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण त्यात एका बैठकीत घर धुऊन निघतं. "सोन्याला दोष लागलाय, शुद्ध करून घेऊ." साज, ठुशी, पाटल्या लाल खणात बांधायला लावतात. गाठ घरच्या बाईनंच मारायची. पाटावर तांदूळ, धुपाचा धूर, सगळ्यांनी डोळे मिटायचे. तशाच खणाची दुसरी पुरचुंडी आधीच तयार असते, वजनाला खडे आणि चिंचोके. मग ती तांदळाच्या डब्यात ठेवून एकवीस दिवस उघडायची नाही. बाईला आपली गाठ ओळखू येत नाही, कारण धुरातून गाठ कुणी बघत नाही. कितीही भरवसा असला तरी दागिना नजरेआड होता कामा नये, आणि झाकलाच असेल तर माणूस उंबऱ्याबाहेर पडायच्या आत उघडून बघायचा. मोबाइलवरच्या जाहिरातीतला मांत्रिक हेच काम यूपीआयवर करतो. फोटो, आईचं नाव, 'साहित्य', आणि नंतर तोच फोटो दाखवून धमकी. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

पण मुळात घरात काहीतरी घडलेलं असतं, हे नाकारायचं कारण नाही. अनुभव खरा असतो, त्याचा लावलेला अर्थ विकत घेतलेला असतो. छातीवर कुणीतरी बसलंय, डोळे उघडे आहेत, पण ओरडता येत नाही: हा झोपेचा प्रकार आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात आणि ते सावरायच्या आत मेंदू जागा होतो. काही सेकंद, फार तर दोनेक मिनिटं. उताणं झोपणाऱ्यांना आणि झोप अपुरी पडणाऱ्यांना जास्त होतो. इचलकरंजीच्या मागांवर किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी आधी झोपेचा हिशेब मांडावा. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर वायरमन बोलवा. अर्थिंग गेलेलं असतं आणि ओल्या भिंतीतून करंट उतरत असतो. तीस मिलिअँपिअर करंट गळला की वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्या. घरातलं माणूस दरवेळी न्हाणीतच चक्कर येऊन पडत असेल, तर गॅस गिझर बंद करून दार-खिडकी उघडा. कोंडलेल्या न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि त्यानं जीव जातो. आणि कपडे कातरलेले सापडणं, घरावर दगड पडणं, अन्नात घाण निघणं ही भानामती असेल तर तिच्यामागं माणसाचा हात असतो, बहुतेक वेळा घरातल्याच घुसमटलेल्या माणसाचा. त्याला मारझोड करून काही साधत नाही, त्याच्याशी बोलणारा डॉक्टर लागतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक मराठीतही बोलतो.

एका बाबतीत मात्र थांबून विचार करायला वेळ नसतो. "डॉक्टरच्या गोळ्या बंद, नाहीतर अंगारा लागू पडणार नाही," असं म्हटलं की तिथून उठायचं. फिट्सच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके न थांबता येत राहतात आणि माणूस दगावू शकतो. इन्सुलिनचंही तसंच. साप चावलेल्याला मंत्रावर बसवून ठेवणं हा तर कायद्यानं गुन्हाच आहे.

तो कायदा म्हणजे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार दिलेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं, करणी-भानामतीच्या नावानं अघोरी कृत्य, हे त्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, यात्रा, भजन, कीर्तन यांना कायदा हात लावत नाही, त्यामुळं "तुम्ही देवाच्या विरोधात जाताय" या बोलण्याला काही अर्थ नाही. पैसे किंवा दागिने गेले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, सोबत लावायला सांगा.

तक्रारीत 'बाबानं फसवलं' एवढंच लिहून भागत नाही. तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं, बाबा नेमकं काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि प्रत्येक रकमेसमोर ती कशी दिली. रोख दिली असेल तर कुठून काढली. सोनं गहाण टाकलं असेल तर त्याची पावती. बाहुली, फोडलेल्या नारळाची करवंटी, सुरी धुवायची नाही, वेगवेगळ्या कागदात बांधायची. द्रव काचेच्या बाटलीत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात नोंद करून घेत नसतील तर तोच मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

साक्षीदार शोधताना लोक शेजाऱ्यांकडं जातात. आधी त्या जावेकडं जावं, जिच्यावर सगळ्यांचा संशय होता. तिला कुणी बैठकीत बसू दिलेलं नसतं, म्हणून ती परसात एकटी असते, आणि तुळशीजवळ उकिडवा बसलेला चेला मातीत काय करत होता हे पाहिलेलं माणूस बऱ्याचदा तीच असते.