‘जॉनी गद्दार’ : रंगीत पडद्यावरचा न्वार

१९४०च्या दशकात अमेरिकेत बहरलेल्या फिल्म न्वारच्या, म्हणजे गुन्हा आणि विश्वासघात यांभोवती फिरणाऱ्या काळोख्या चित्रपटशैलीच्या वाटेने जाणारे पुष्कळ दिग्दर्शक आधी त्याचा पेहराव उचलतात : खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांमधून भिंतीवर पडलेल्या सावल्या, हॅट, सिगारेटचा धूर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवन यांनी ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) या पेहरावाला सुरुवातीच्या कृष्णधवल, पावसाळी प्रसंगातच नमस्कार करून घेतला आहे. पुढचा चित्रपट रंगीत आहे आणि तरीही तो अस्सल न्वार आहे.

पाच भागीदार प्रत्येकी ५० लाख रुपये घालून एक बेकायदा सौदा ठरवतात आणि त्यांतला सर्वांत तरुण विक्रम ती अडीच कोटींची रक्कम स्वतःच लांबवायचे ठरवतो. गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकापासून लपवलेलेच नाही. त्यामुळे ताण रहस्याचा नसून सहवासाचा आहे; ज्यांना फसवले त्यांच्याच शेजारी बसून, चोर कोण असेल या चर्चेत विक्रमला भाग घ्यावा लागतो, आणि एक खोटे झाकताना दुसरे पाप पदरी पडत जाते. नील नितीन मुकेश यांचा नायक म्हणून पहिलाच चित्रपट असल्याचे काही संवादांत जाणवते, पण त्यांचा कोरा, गुळगुळीत चेहरा या भूमिकेला चांगलाच मानवला आहे.

चित्रपट थरारकथांचे इंग्रज लेखक जेम्स हॅडली चेस आणि दिग्दर्शक विजय आनंद यांना अर्पण केलेला आहे. हे ऋण शोभेपुरते नाही. विक्रमला बेत सुचतो तो ‘परवाना’ (१९७१) पाहून, आणि खोटे नाव सुचते ते विजय आनंद यांच्याच ‘जॉनी मेरा नाम’वरून. सर्वांत हृद्य प्रसंग मात्र धर्मेंद्र यांचा आहे. टोळीचा म्होरक्या शेषाद्री दिवंगत पत्नीने गायलेले ‘मोरा गोरा अंग लइ ले’ टेपवर ऐकत बसतो. ते गाणे ज्या ‘बंदिनी’तले आहे, त्यात धर्मेंद्र स्वतः होते, हे आठवले की त्या शांत चेहऱ्यावरून नजर हलत नाही.

उणीव आहे ती विक्रमच्या प्रेयसीच्या, मिनीच्या व्यक्तिरेखेत. न्वारमधील स्त्री कथेला वळण देते, येथे रिमी सेन यांच्या वाट्याला बहुतांशी वाट पाहणेच आले आहे. त्या मानाने अश्विनी काळसेकर यांची वर्षा, एका भागीदाराची पत्नी, थोड्याच प्रसंगांत कितीतरी भरीव उतरली आहे. तिच्यामुळे शेवटाला येणारी धार पडद्यावरच अनुभवावी. कथानक आधी वाचून चित्रपट पाहायला बसू नये.